पोत्याबरोबर वावराचा पत्ताही लागेल

नागपूरच्या कळमना बाजारात सोयाबीन एकदा ढिगात पडले की ते कोणाचे, कोणत्या गावचे, हे कोणी सांगू शकत नाही. उमरेडचे, काटोलचे, हिंगण्याचे दाणे एकाच चाळणीतून जातात, एकाच ट्रकमध्ये भरले जातात आणि तेल काढणाऱ्या कारखान्यात पोचतात. तेल आपल्या कढईत येते. मागे उरलेली ढेप, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, ती बरीचशी इथल्याच कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तिचा काही भाग मात्र जहाजाने फ्रान्स-जर्मनीकडे जातो, कारण आपले सोयाबीन जनुक बदललेले नाही आणि तिथे अशा मालाला गिऱ्हाईक आहे. आजवर ते गिऱ्हाईक ढेपेतला ओलावा आणि प्रथिने विचारत होते. आता ते आणखी एक गोष्ट विचारणार आहे: हे ज्या वावरात पिकले ते वावर नेमके कुठे आहे, आणि ते जंगल तोडून तर काढलेले नाही ना?

युरोपीय संघाने 2023 मध्ये तसा कायदाच केला आहे. गुरे, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोया आणि लाकूड हे सात माल आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या अनेक वस्तू त्यात येतात. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल साफ करून जी जमीन शेतीखाली आणली, तिच्यावरचा माल युरोपात विकता येणार नाही. माल आणणाऱ्या तिथल्या कंपनीने ऑनलाइन यंत्रणेत घोषणापत्र भरायचे, त्यात माल जिथे पिकला त्या प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश टाकायचे, मग एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसेल तर माल बंदरातून सुटणार नाही. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. सध्याच्या निर्णयाप्रमाणे मोठ्या आणि मध्यम कंपन्यांना 30 डिसेंबर 2026 पासून आणि लहान व अगदी लहान उद्योगांना 30 जून 2027 पासून हे बंधन लागेल.

कापूसवाल्यांनी आणि संत्रावाल्यांनी घाबरायचे कारण नाही, ही दोन्ही पिके यादीत नाहीत. चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते, ती यादीत आहे. पण आपल्या भागातल्या सर्वांत जास्त घरांशी संबंध येतो तो सोयाबीनचा, आणि त्याखालोखाल सागाचा.

आता कोणी म्हणेल, युरोपने भारताला कमी जोखमीच्या देशांत धरले आहे, मग काळजी कसली? 22 मे 2025 च्या यादीत भारत कमी जोखमीत आहे, हे खरे. त्यामुळे तपासणी कमी होईल, आयातदाराचे काही कागद वाचतील. शेताचा ठावठिकाणा मात्र द्यावाच लागेल. शिवाय या कायद्यात मिसळ चालत नाही. ठिकाण माहीत असलेल्या मालात ठिकाण माहीत नसलेला माल मिसळला तर अख्खा लॉट अडतो. शंभर शेतकऱ्यांच्या मालात एकाच्या जमिनीचा घोळ निघाला तर उरलेल्या नव्व्याण्णवांचाही माल त्याच्याबरोबर थांबतो. म्हणून उद्या खरेदीदार सोपा मार्ग धरतील. ज्यांचे कागद आणि ठिकाण तयार आहे त्यांचा माल वेगळा घेतील, बाकीच्यांचा नेहमीच्या ढिगात, नेहमीच्या भावाने.

माझे सांगणे एवढेच आहे: आपल्या वावराची साक्ष आपणच द्यायची, ती दुसऱ्याच्या हाती सोपवायची नाही.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. युरोपच्या त्या यंत्रणेत कळमन्याला ढेरी टाकणाऱ्या शेतकऱ्याला नाव नोंदवायचे नाही. ते काम तिथल्या आयातदाराचे आहे. तेव्हा कोणी दारात येऊन युरोपची नोंदणी करून देतो म्हणत पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका, आधार आणि ओटीपी तर नकोच. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा खरेदीदार माहिती मागेल तेव्हा ती जरूर द्या. पण काय दिले त्याची प्रत आपल्याकडे ठेवा आणि ती माहिती कोणत्या मालासाठी वापरणार हे लिहून घ्या. तुमच्या गट क्रमांकावर दुसऱ्याचेच सोयाबीन दाखवले गेले, तर उद्या जाब विचारायला लोक तुमच्याकडेच येतील.

आता ठिकाणाचे. चार हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे दहा एकरांपर्यंतच्या शेतासाठी एक बिंदू पुरतो. त्याहून मोठे असेल तर चतुःसीमा आखून द्यावी लागते. आपल्याकडे बहुतेकांचे काम एका बिंदूत भागेल. तो बिंदू दशांशानंतर सहा आकड्यांचा हवा. दोनच आकडे दिले तर किलोमीटरभर इकडेतिकडे होते, म्हणजे तुमचे शेत शेजारच्या गावच्या तलावात पडू शकते. सहा आकडे दिले की वितीच्या आतला पत्ता मिळतो. मोबाइलवर हे फुकट निघते. वावराच्या मधोमध उभे राहा, मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबा, आकडे वहीत उतरवा. घरी बसून किंवा सेतू केंद्रातून काढलेला बिंदू कामाचा नाही. आणि एक चूक हटकून होते ती टाळा. नागपूरच्या आसपास अक्षांश 21 च्या जवळ आणि रेखांश 79 च्या जवळ असतो. हे दोन आकडे उलटे टाकले तर शेत थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात जाऊन पडते, आणि संगणक ते मुकाट्याने मान्यही करू शकतो.

दुसरे काम सातबाऱ्याचे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचे तेच. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली 15 ऑगस्ट 2021 ला. कायद्याने धरलेली तारीख आहे 31 डिसेंबर 2020. म्हणजे 2020 च्या खरिपात तुमच्या वावरात सोयाबीन होते की तूर, याचा पुरावा ॲपवर सापडणार नाही. तो आहे तलाठ्याने तेव्हा भरलेल्या गाव नमुना बारामध्ये. सातबाऱ्याचा खालचा भाग तो हाच, जिथे वर्ष, हंगाम, पिकाचे नाव आणि क्षेत्र असते. 2019-20 आणि 2020-21 च्या नोंदी असलेला उतारा शोधा. घरात पीककर्जाच्या किंवा पीकविम्याच्या फायलीत जुनी प्रत बहुधा असते, कारण बँकेला ती लागत होती. नसेल तर तलाठ्याकडे मागा. त्या वर्षी तिथे पीक उभे असल्याची नोंद हातात असली, की जंगल तोडल्याचा आरोप टिकत नाही.

हा कागद का हवा तेही सांगते. उपग्रहाला वरून झाडांची सावली दिसते, शेतकऱ्याची मेहनत दिसत नाही. युरोपने 2020 च्या जंगलाचा एक नकाशा तयार केला आहे. तो कायद्याने बंधनकारक नाही, पण तपासणारा आधी तोच उघडणार. धुऱ्यावर दाट साग असेल किंवा लगत जुनी आमराई असेल, तर तेवढा तुकडा त्यात जंगल म्हणून रंगलेला असू शकतो. अशा वेळी नकाशासमोर ठेवायला तुमच्याकडे नमुना बारा हवा. हल्लीची पीक पाहणीही स्वतः वावरात जाऊन करा. सहायक आला तर त्याच्यासोबत जा आणि सोयाबीनच्या जागी कापूस लिहिला गेला नाही ना, ते तिथेच पाहा. बटईने किंवा ठेक्याने शेत दिले असेल तर पीक कोणाचे हे आधीच ठरवून ठेवा. जमीन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाचा फेरफार आता लांबवू नका, आणि त्यात घरातल्या बाईचे नाव गाळू नका.

आता आपल्या पूर्व विदर्भाचे खास दुखणे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर झुडपी जंगल नावाची जमीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला, म्हणजे युरोपची ती यादी आली त्याच दिवशी, ही जमीन वनच आहे असा निकाल दिला. सुमारे 86 हजार हेक्टरांचा हा प्रश्न आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागायची आहे. त्यानंतरच्या वाटपाची कारणे द्यावी लागणार आहेत. युरोपच्या कायद्याला फक्त झाडे तोडली का एवढेच बघायचे नाही. जिथे माल पिकला त्या देशाच्या कायद्याप्रमाणे जमीन वापरण्याचा हक्क होता का, हेही त्यात येते. तेव्हा जागेवर एकही झाड नसले, चाळीस वर्षे नांगर चालत असला, तरी कागदावर झुडपी जंगल असेल तर माल अडू शकतो. ज्यांच्या गटाला असा शेरा आहे त्यांनी तो लपवू नये आणि शेजाऱ्याच्या गटावर माल खपवू नये. वाटपाचा आदेश, ताबा पावती, जुना फेरफार जमवा आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. निव्वळ लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली ती दुरुस्त होते.

वनहक्क पट्टेदारांनी मात्र मान खाली घालायचे कारण नाही. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवल्याशिवाय पट्टा मिळतच नाही. म्हणजे तुमचा पट्टा हाच 2020 च्या कितीतरी आधीपासून तिथे शेती असल्याचा पुरावा आहे. तो प्लास्टिकच्या पिशवीत जपा आणि त्याची साक्षांकित प्रत करून ठेवा.

लाकडाचे थोडक्यात. धुऱ्यावरचा साग तोडायला 1964 च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि वाहतुकीला टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, लागतो. डिसेंबर 2023 पासून देशभरासाठी ऑनलाइन टीपीची सोय झाली आहे, पासवर क्यूआर कोड येतो. कोणी ठेकेदार उभी झाडे विकत घेऊन तुमच्या नावाने अर्ज टाकत असेल, तर झाडांची संख्या आणि गोलाई स्वतः मोजून अर्जाशी ताडून पाहा. दहा झाडे तोडून पंधरांचा पास निघाला, तर उरलेली पाच कुठल्यातरी राखीव जंगलातून येतात आणि तुमच्या सहीने ती शुद्ध होतात. शहरातल्या वाचकांनाही हेच सांगणे आहे. घराचे दार, पलंग सागाचा करताना नागपूरच्या लकडगंजात पक्के बिल मागा, टीपीचा क्रमांक विचारा, मोठा नग असेल तर कापल्या टोकावरचा वनखात्याच्या हातोड्याचा ठसा बघा. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून विकणारा सांगत नाही.

पास कोणी लिहायचा, या प्रश्नाची किंमत गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला विचारावी. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला 2009 मध्ये, पण आपल्याच बांबूचा वाहतूक परवाना गावाला देता येत नव्हता. त्यासाठी ग्रामसभा अडून बसली. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. आपल्या जंगलातून काय बाहेर गेले ते आपण लिहायचे आणि त्याला आपणच जबाबदार राहायचे, यासाठी त्या गावाने एवढे केले. तीच सही आपण दुसऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी सांगून देऊन टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा कायदा न्याय्य आहे का? अर्धाच. जंगल वाचले पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण मोजणीचा, कागदांचा खर्च दोन-तीन एकरवाल्यावर पडू नये, तो माल घेणाऱ्याने उचलला पाहिजे. भारताने जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप घेतले आहेत, ते रास्त आहेत. आणखी एक खटकते. जंगल शेतीखाली आणले तरच या कायद्यात ती जंगलतोड ठरते. कोळशाच्या किंवा लोखंडाच्या खाणीसाठी गेलेले जंगल त्या व्याख्येत बसत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हे बोचणारच, आणि ते मोठ्याने बोललेच पाहिजे. पण ते बोलतानाही आपला कागद आपल्या हाती असायला हवा.

एकट्याने हे सगळे जड जाते, गावाने मिळून केले तर दोन दिवसांचे काम आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. तलाठ्यांना 2020-21 चे नमुना बाराचे उतारे घेऊन त्या दिवशी हजर राहायला आधीच लेखी सांगा. गावातल्या कॉलेजच्या चार मुला-मुलींना प्रत्येक वावरात पाठवा, बिंदू घ्या, गटवार वही करा. ती वही ग्रामपंचायतीत ठेवा आणि एक प्रत आपल्या उत्पादक कंपनीला द्या. पुढच्या हंगामात व्यापारी ठिकाण विचारायला आला, की ती वही पुढे करा आणि भाव त्यानंतरच बोला.