रक्ताची पारख

रक्त सर्वांचें तांबडेंच, असें आपण म्हणतों. तें खरेंही आहे. परंतु रक्तास तांबडेपणा देणारें हीमोग्लोबिन मात्र सर्वांचें अगदीं एकसारखें नसतें. आईबापांकडून वारशानें येणारे त्याचे एक हजाराहून अधिक भेद शास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. त्यांतील पुष्कळसे निरुपद्रवी, तर कांहीं घातक आहेत.

१९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, सिकलसेलच्या रोग्याचें हीमोग्लोबिन विद्युत्प्रवाहांत निराळ्या गतीनें सरकतें. तेव्हांपासून या भेदांची ओळख प्रयोगशाळेंत पटूं लागली. तथापि एकच परीक्षा पुरी पडत नाहीं. शिबिरांत रक्त द्रावणांत मिसळून तें गढूळ होतें कीं काय, हें पाहतात. गढूळ झाल्यास 'एस्' हीमोग्लोबिन असावें, एवढेंच त्यावरून कळतें. तो मनुष्य रोगी कीं केवळ वाहक, याचा उलगडा होत नाहीं. पंजाबांत आढळणारें 'डी' हीमोग्लोबिन अल्कधर्मी माध्यमांत 'एस्'च्याच ओळींत जाऊन बसतें. आम्लधर्मी माध्यमांत दोघांची फारकत होते. म्हणून जाणते परीक्षक दुसऱ्या रीतीनें पडताळा घेतात, आणि संशय उरलाच तर जनुक तपासतात.

ही गोष्ट आपल्या दाराशीं आलेली आहे. विदर्भांत व नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आढळतो, आणि २०२३ सालीं त्याच्या निर्मूलनार्थ राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. वाहक मनुष्य बहुधा निरोगीच असतो. परंतु दोघेही वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. एकाकडून 'एस्' व दुसऱ्याकडून पंजाबी 'डी' आल्यासही मूल गंभीर आजारी होऊं शकतें. तेव्हां चुकीचें नांव दिल्यानें कोठें निष्कारण भीति, तर कोठें खोटा निर्धास्तपणा पदरीं पडतो.

यास्तव पालकांस माझें सांगणें असें कीं, तपासणीस मुलें अवश्य पाठवावीं; पण पहिल्याच चिठ्ठीवरून कोणाच्या मुलीचें लग्न मोडूं नये, कीं कोणा मुलास रोगी म्हणूं नये. पक्का निर्णय मागून घ्यावा आणि त्याचा अर्थ वैद्याकडून समजून घ्यावा. विद्यार्थिमित्रहो, वर्गांतील सोबत्यास वाहक म्हणून हिणवाल, तर ध्यानांत ठेवा: वारसा कोणीं निवडून घेतलेला नसतो. शास्त्रज्ञ एका थेंबास नांव देण्यापूर्वीं दोनदां पाहतो. आपण तर माणसास नांवें ठेवतों! निदान तितका धीर आपणही धरावा.