अनुदान मागायचे तर हिशेब मांडून मागा



घामाच्या दामासाठी भांडणाऱ्यांनी अनुदानाचा अर्ज करावा काय, हा सवाल प्रत्येक बैठकीत निघतो. आमचे उत्तर सरळ आहे. मालाचे भाव पाडायचे आणि वरून अनुदानाचा तुकडा टाकायचा, त्या व्यवहाराला आमचा विरोध कायम आहे. पण डोंगरावर चर खोदून साऱ्या गावाच्या विहिरींना पाणी आणणे एकट्या शेतकऱ्याच्या ऐपतीतले नाही. त्यासाठी सार्वजनिक पैसा मागणे हा गावाचा हक्क आहे, आणि हक्काने मागायचे तर हिशेब मांडावा लागतो.

पाणलोटाचेच उदाहरण घ्या. १९९९-२००० साली नाबार्डमध्ये २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभा राहिला. त्यात गावाने अगोदर श्रमदान करायचे, घरटी चार दिवस, अशी अट ठेवली गेली. मग थोड्या क्षेत्रावर काम. तिथे गाव टिकले तरच उरलेल्या शिवारासाठी पैसा. पहिली छोटी रक्कम म्हणजे गावाची परीक्षा होती, हे ध्यानात घ्या. देणारा कागद पाहतो, पण त्याला खरे पाहायचे असते ते गाव.

तालुक्याच्या ठिकाणी अर्ज लिहून देणारे एजंट बसलेले असतात. शेजारच्या गावाचा प्रस्ताव काढायचा, नाव बदलायचे, शिक्का मारायचा. तपासणीला आलेला माणूस विचारतो, "मे महिन्यात किती विहिरींना पाणी असते?" सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. प्रस्ताव तिथेच मेला.

म्हणून आधी मोजणी करा. विहिरी किती, मे अखेर पाणी किती फुटांवर, गट नंबरनुसार पडीक किती, भूमिहीन घरे किती. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ते १० हजार लिटर पाणी होते. १०० हेक्टरवर ५०० मिलिमीटर पडले तर ५० कोटी लिटर. यातले किती वाहून जाते, किती अडवता येईल, हे शाळेत जाणारी पोरेही मांडू शकतात. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. असे आकडे अर्जात असले की भाषा साधी असली तरी चालते.

दुसरे काम ग्रामसभेचे. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढे लागतात. घरोघर वही फिरवून सह्या गोळा केल्या, तर त्याला ग्रामसभा म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. चर डोंगराकडेला खोदले जातात, पाणी खालच्या बागायतदाराच्या विहिरीत उतरते. चराईबंदी झाली की शेळ्या भूमिहीनाच्या उपाशी मरतात. वरच्याने घाम गाळायचा आणि खालच्याने ऊस लावायचा, असा सौदा गावात फार दिवस टिकत नाही. तेव्हा अर्ज करण्याआधीच ठराव लिहा. गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्यांचा, मजुरीचे काम आधी भूमिहीनांना, आणि ज्याची विहीर भरेल त्याने देखभालीच्या खात्यात जादा भर घालायची. हा ठराव अर्जाला जोडा. निधी देणाऱ्याला नेमकी हीच भीती असते की पैसा संपला की गाव भांडेल आणि बांध फुटतील.

खर्चही खरा लिहा. मंजूर दरापेक्षा फुगवलेला आकडा पहिल्या नजरेत कळतो. पैसा आला की खात्यावरचा प्रत्येक खर्च चावडीवरच्या फळ्यावर लागला पाहिजे. मालाच्या भावाचा हिशेब सरकारकडे मागणाऱ्यांनी आपला हिशेब झाकून ठेवू नये.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या विहिरींची मोजणी आणि घरांची यादी घेऊन यावे. कोरे फॉर्म आम्ही मिळवून देऊ. आकडे मात्र तुम्हालाच आणावे लागतील.