अर्ध्या यशाचा पुरा मानकरी

मुंबईच्या चिराग शेट्टीने आजवर एकही मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा एकट्याने जिंकलेली नाही. त्याच्या प्रत्येक पदकाचा निम्मा धनी आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी हा आहे. एवढ्याच कारणाने या नगरीला आपल्या सुपुत्राची थोरवी पुरती उमगली नसेल, तर दोष चिरागकडे जात नाही. कर्तृत्व मोजण्याचे आमचे मापच खोटे आहे.

वास्तविक बॅडमिंटन हा खेळ आम्हांस परका नाही. एकोणिसाव्या शतकात त्याचे नियम ज्या पुण्याच्या लष्करी छावणीत आकारास आले, ते पुणे आमचेच. १९५६ साली मलायात स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर हे सांगलीचे. परंतु तेच नाटेकर दुहेरीतही राष्ट्रीय विजेते होते, हे आज किती जणांच्या स्मरणात आहे? पुढेही प्रकाश पदुकोण यांच्यापासून पी. व्ही. सिंधूपर्यंत आमचे सारे कौतुक एकेरीभोवतीच फिरत राहिले. एकेरीत ज्याची डाळ शिजत नाही त्याने दुहेरीकडे वळावे, अशी समजूत पालकांपासून संघटकांपर्यंत सर्वत्र रुजली होती.

१९९७ साली जन्मलेल्या चिरागने ही समजूत खोटी पाडली. गोरेगावात उदय पवार यांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा पुढे हैदराबादेस गेला. तेथे मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्याची सात्त्विकशी जोडी जमविली. दोघेही उंचेपुरे, दोघांनाही मागे राहून स्मॅश मारण्याची सवय आणि एकाची भाषा दुसऱ्यास येत नाही! दोघांनी मागेच उभे राहावयाचे ठरविले, तर जाळ्याशी कोण झुंजणार? चिरागने ते काम अंगी बाणविले. १४ एप्रिल २०२३ रोजी सात्त्विकने ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा विक्रम नोंदविला. त्या विक्रमावर नाव एकट्या सात्त्विकचे आहे आणि ते रास्तच आहे. परंतु प्रत्यक्ष सामन्यात असा फटका मारण्याची संधी आपोआप चालून येत नाही. पुढे उभा असलेला गडी प्रतिस्पर्ध्याला पेचात पकडतो, त्याला फूल वर उचलावयास भाग पाडतो, तेव्हा कोठे मागच्याचा हात मोकळा होतो. या कामाची नोंद कोणत्याही विक्रमपुस्तकात होत नाही.

या जोडीच्या वाट्याला केवळ विजयच आले असे नव्हे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तीनपैकी दोन सामने जिंकूनही गटातूनच तिला परतावे लागले. आणि ज्या तैवानी जोडीला तिने तेथे हरविले होते, तिनेच पुढे सुवर्णपदक पटकाविले! परंतु ही जोडी मोडली नाही. १५ मे २०२२ रोजी बँकॉकला थॉमस चषकाच्या अंतिम लढतीत इंडोनेशियाविरुद्ध पराभव एका गुणावर असताना चार वेळा तिने तो परतविला, सामना जिंकला, आणि भारताने तो चषक प्रथमच उचलला. २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक आणि पाठोपाठ जगातील पहिला क्रमांक तिने मिळविला. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत जिच्याकडून हार खावी लागली, त्याच मलेशियन जोडीला २०२५ मध्ये त्याच शहरात नमवून तिने जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक निश्चित केले.

जुलै २०२४ मध्ये विश्वविजेत्या क्रिकेटपटूंचा विधान भवनात सत्कार झाला आणि ११ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा थॉमस चषक जिंकणाऱ्या संघातील हा एकमेव महाराष्ट्रीय खेळाडू, सर्व खेळांना समान न्याय मिळावा, असे उघडपणे बोलला. क्रिकेटपटूंच्या सत्काराबद्दल आमची तक्रार नाही. ते त्या मानास पात्रच होते. परंतु ज्याने शब्द उच्चारावयास नको होता त्याच्यावर तो उच्चारण्याची वेळ यावी, ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावह खासच नाही.

तथापि केवळ हारतुऱ्यांनी हे ऋण फिटेल, असे आम्हांस वाटत नाही. चिरागला पुरेसा बक्षिसाचा धनादेश एकदाच देता येईल. दुसरा चिराग घडवावयाचा तर प्रत्येक जिल्ह्यात कोवळ्या वयापासून दुहेरीचे स्वतंत्र शिक्षण हवे, त्यासाठी जाणते प्रशिक्षक हवेत, आणि 'आमच्या मुलाला एकेरीच खेळू द्या' असा हट्ट धरणाऱ्या आईबापांनीही थोडा विचार करावयास हवा. भाषा, प्रांत आणि स्वभाव भिन्न असलेली दोन माणसे एका आखणीत एकमेकांची उणीव भरून काढू शकतात, हा धडा या दोन तरुणांनी देशापुढे घालून दिला आहे. तो गिरविण्याची बुद्धी सरकारला आणि आम्हा नागरिकांना होवो, एवढीच आमची इच्छा!