पेन्सिलीचे ठिपके

लातूरच्या उद्योग भवन परिसरात क्लासची टेस्ट सुटली की रस्ता मुलामुलींनी भरून जातो. मुलं चौकात, चहाच्या गाड्यापाशी घोळका करून मोठमोठ्याने उत्तरं ताडून बघतात. मुली दोघी-दोघींनी झपझप हॉस्टेलची वाट धरतात. नांदेडला श्यामनगर, भाग्यनगरातही हेच दिसतं. त्या झपझप चालणाऱ्या मुलींपैकी एखादीला सगळं येत असतं आणि ती कुठेच काही बोलत नसते. आज तिच्याविषयी लिहायचं आहे.

अशी मुलगी आपल्याकडे गुणी म्हणून नावाजली जाते. वर मान करून बघत नाही, हू की चू करत नाही, पुस्तकात डोकं घालून बसलेली असते, असं आपण पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगतो. ती लहानपणापासून हे ऐकत आलेली असते. आपण गप्प राहतो म्हणून आपल्याला चांगलं म्हणतात, हे तिला फार लवकर कळलेलं असतं.

माझ्या मावसबहिणीची मुलगी अशीच. मुखेड तालुक्यातलं गाव, वडिलांची कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. दहावीला शाळेत पहिली आली आणि अकरावीला लातूरला गेली. आता बारावीत आहे, वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करते. दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत ती नांदेडला माझ्याकडे उतरली, ती टेस्टच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊनच. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे फिजिक्समधल्या गणितांचं बघायला मावशी हक्काची. ‘‘मावशी, फिजिक्स जमंनाच गेलंय,’’ ती म्हणाली, तेही पायाच्या अंगठ्याकडे बघत.

मी पेपर चाळायला घेतले. तिच्या ओएमआर शीटवर फिजिक्सच्या 45 प्रश्नांपैकी जवळपास निम्मे गोळे कोरे होते. भरलेल्यांत चुका अगदी तुरळक. मग मी प्रश्नपत्रिका उघडली. जे प्रश्न तिने सोडून दिले होते त्यांच्याही चार पर्यायांपैकी एकापाशी पेन्सिलीचा बारीकसा ठिपका होता. इतका फिका, की कागद उजेडाकडे धरावा तेव्हा दिसावा. शेजारच्या मोकळ्या जागेत गणित मांडलेलं, सूत्र बरोबर, आकडे घातलेले, उत्तरही काढलेलं. आणि ओएमआरवर तो गोळा पांढराच.

‘‘हे ठिपके कशाचे गं?’’

‘‘मला वाटलेलं उत्तर.’’

‘‘मग भरलं का नाहीस?’’

‘‘चुकलं तर मार्क कटतेत ना.’’

आम्ही उत्तरसूची घेऊन बसलो आणि नुसते ठिपके तपासले. बहुतेक सगळे बरोबर होते. तिला फिजिक्स येत होतं. आपल्याला येतं, यावर तिचा भरवसा नव्हता आणि त्या एका गोष्टीपायी दर टेस्टला तिचे गुण जात होते.

नीटचा हिशेब या सदराच्या वाचकांपैकी निम्म्या घरांत पाठ असेल. 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा, कोऱ्याला शून्य. आता जरा आकडेमोड करू. अगदी डोळे मिटून चारांपैकी एक पर्याय निवडला, तरी चारदा केल्यावर सरासरीने एकदा चार मिळणार आणि तीनदा एक-एक जाणार. म्हणजे चार प्रश्नांमागे एक गुण पदरात पडतोच. दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढं कळलं आणि उरलेल्या दोनांतून एक उचलला, तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुण. आणि ठिपका ठेवणारी मुलगी तर अंदाजही करत नसते, तिने गणित सोडवलेलं असतं. या परीक्षेच्या नियमांत तो गोळा कोरा सोडण्याला काही आधार नाही. तिला मी हे कागदावर मांडून दाखवलं. तिने ते माझ्याआधी पुरं केलं. हिशेब तिला कळत होता. बोटं मात्र पेन उचलायला तयार नव्हती.

हे एकट्या माझ्या भाचीचं नाही. कॅथरीन बाल्डिगा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बाईंनी नेमका हाच प्रश्न प्रयोगात घेतला. त्यांचा शोधनिबंध 2014 मध्ये आला. चुकीला गुण कापले जात नसतील तर मुलं-मुली सगळेच सगळे प्रश्न सोडवतात. गुण कापायला लागलं की मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडतात, आणि तेवढंच ज्ञान असूनही त्यांचे गुण कमी पडतात. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेतली ही वजावट काढूनच टाकली. बाल्डिगाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिथले आकडे तपासले, तेव्हा सोडून दिलेल्या प्रश्नांमधली मुला-मुलींची तफावत सुमारे 70 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मुली तशाच, अभ्यास तसाच. चुकण्याची किंमत तेवढी उतरली होती.

मी भाचीला सीईटीच्या सराव पेपरांचं विचारलं. राज्याच्या सीईटीत वजावट नाही. तिथे हिचा एकही गोळा कोरा नसतो, आणि गुणही चांगले पडतात.

लातूर पॅटर्नने या भागाला काय दिलं, हे मी शिक्षक म्हणून जवळून पाहिलं आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयात सुरू झालेली ती पद्धत म्हणजे शिकवायचं, लगेच परीक्षा घ्यायची, चुका दाखवायच्या, पुन्हा परीक्षा. मुंबई-पुण्याच्या मुलांची मक्तेदारी असलेल्या बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं झळकू लागली. त्या यादीत खेड्यांतून आलेल्या अबोल, अभ्यासू मुलीही होत्या, आणि त्याला कारण होतं. बोर्डाच्या पेपरात चुकीच्या उत्तरापायी मिळालेले गुण कापले जात नाहीत. येतं तेवढं लिहावं, पायऱ्यांचेही गुण पडतात. भित्री मुलगी तिथे मागे पडत नव्हती. 2017 पासून राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशाचं सगळं नीटवर आलं आणि परीक्षेने एक नवी गोष्ट मागितली: स्वतःच्या उत्तरावर स्वतःचे गुण लावायची तयारी. आपले क्लास फिजिक्स शिकवतात, केमिस्ट्री शिकवतात, बायोलॉजीच्या पुस्तकाची ओळ न् ओळ करून घेतात. ही तयारी कुणीच करून घेत नाही. ती मुलीच्या स्वभावावर सोडून दिली आहे.

आणि स्वभाव म्हणजे तरी काय? मी त्या रात्री यावर बराच विचार केला. चूक करायला ही पोर इतकी भिते, त्याला कारण आहे. तिच्या घरातही एक वजावट आहे आणि ती एका गुणाची नाही. क्लासमधल्या मुलाला पहिल्या वर्षी गुण कमी पडले तर तो रिपीटर बॅचला बसतो. लातुरात रिपीटर या शब्दाला काही कमीपणा नाही, पुष्कळ डॉक्टर दुसऱ्या खेपेचे आहेत. मुलीला कमी पडले तर घरात पहिलं वाक्य येतं, ‘‘आता बीएस्सी कर गावाजवळच.’’ दुसरं वाक्य येतं ते एखाद्या स्थळाचं. हे मी हवेत बोलत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या मुलखात ही स्थिती आहे, तिथे वयाच्या सतराव्या वर्षी परगावी खोली करून शिकायला मिळणं ही मुलीला दिलेली सवलत समजली जाते. सवलतीला अट असते. निघताना आई सांगते, ‘‘तिकडून काही ऐकायला येऊ नये.’’ मग ती वर्गात हात वर करत नाही, दुकानदाराशी भाव करत नाही, खोलीचा पंखा बंद पडला तर आठवडाभर मालकिणीला सांगत नाही. जितकं कमी दिसू तितकं जास्त दिवस शिकायला मिळेल, हा तिचा हिशेब आहे, आणि तिच्या जागी बसून पाहिलं तर तो शहाणपणाचा आहे. तोच हिशेब ओएमआरवर उतरतो.

म्हणून ‘आत्मविश्वास ठेव’ असं तिला सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्येच मांडून ठेवलं आहे, की आपल्याला हे जमेल हा भरवसा सगळ्यात पक्का होतो तो स्वतः करून पाहिलेल्या कामातून. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला ते जमलेलं बघण्यातून. नुसत्या शब्दांच्या शाबासकीत तेवढा दम नसतो.

करून पाहण्यासाठी आम्ही एक वही घातली. दर टेस्टनंतर तीन रकाने: नक्की येत होतं, दोनांत अडकले, काहीच सुचलं नाही. प्रत्येकापुढे ठिपका बरोबर की चूक. ही वही तिने लातूरला नेली आणि नेमाने भरली. दुसऱ्या रकान्यात बरोबरच्या खुणा चुकांपेक्षा कितीतरी जास्त निघत राहिल्या. वहीतलं अक्षर तिचं, खुणा तिच्याच. कुणी कौतुकाने म्हटलेलं ती खोडून काढू शकली असती, हे खोडता येईना. हळूहळू कोरे गोळे कमी झाले. एका टेस्टला तिने दुसऱ्या रकान्यातलं सगळं भरलं आणि त्यातलं बरंच चुकलं. मला वाटलं, आता ही पुन्हा आत मिटून घेणार. फोनवर म्हणाली, ‘‘मावशी, चुकले. पण तरी बी मागच्या वेळेपेक्षा जास्तच हायत.’’ हे वाक्य मी तिच्या आईला कळवलं.

आपल्यासारखं कुणी बघायला मिळावं, तेही आपल्या वाटेवरच आहे. नांदेडहून लातूरला जाणारी एसटी लोह्यावरून जाते. त्याच लोहा तालुक्यातल्या जोशी सांगवीच्या वसीमा शेख. 2020 च्या जूनमध्ये राज्यसेवेचा निकाल लागला तेव्हा त्या राज्यात मुलींमध्ये तिसऱ्या आल्या आणि उपजिल्हाधिकारी झाल्या. आई बांगड्या विकायची, भाऊ रिक्षा चालवायचा. वर्तमानपत्रांनी गरिबीची बातमी केली आणि ते साहजिक होतं. मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. त्या आधीच विक्रीकर निरीक्षक झाल्या होत्या, नोकरी हातात होती, आणि तरीही यापुढचं मला जमेल असं धरून त्या पुन्हा परीक्षेला बसल्या. दुसरी गोष्ट त्या रिक्षाची. त्यांना लागणारी वर्षं घराने दिली, आणि भावाची कमाई त्या वर्षांच्या पाठीशी उभी राहिली. आपण अशा मुलीची जिद्द सांगतो आणि तिच्या घराने काय केलं ते एका ओळीत उरकतो. मी तरी आईवडिलांच्या बैठकीत बोलायची वेळ आली की रिक्षापासून सुरुवात करते.

डिसेंबरात एक गोष्ट घडली. क्लासच्या टेस्टमध्ये बायोलॉजीचा प्रश्न होता, प्रौढ माणसाच्या पाठीच्या कण्यात मणके किती. सूचीत उत्तर दिलं होतं 33. हिने भरलं होतं 26. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात 26 च आहेत. जन्माच्या वेळी 33 असतात, पुढे खालचे काही एकमेकांना जुळून जातात. आधीची ती असती तर पुस्तक पुन्हा उघडून, आपलंच काही चुकलं असेल म्हणून गप्प बसली असती. या वेळी तिने भरल्या वर्गात हात वर केला. आवाज आला नाही म्हणून सरांनी पुन्हा विचारायला लावलं. दुसऱ्यांदा ती उभी राहून बोलली. सरांनी पुस्तक पाहिलं आणि सूची तिथल्या तिथे दुरुस्त केली. सरांचं मला कौतुक वाटतं. मुलीने काढलेली चूक शांतपणे मान्य करणारा मास्तर त्या एका मिनिटात अख्ख्या वर्गातल्या मुलींना काहीतरी देऊन जातो. त्या संध्याकाळी हॉस्टेलमधल्या आणखी दोघीजणी आपापल्या शंका घेऊन हिच्या खोलीवर आल्या.

क्लासवाल्यांना मला एक मागायचं आहे. तुमच्याकडे प्रत्येक टेस्टचं विश्लेषण कॉम्प्युटरवर निघतं. बरोबर किती, चूक किती, रँक किती, हे तुम्ही पालकांना मोबाइलवर पाठवता. त्यात कोरे किती हेही असतंच. मुलींचे कोरे एकदा वेगळे काढून बघा. जिचे चुकलेले फार थोडे आणि कोरे पुष्कळ आहेत, तिला आणखी एक डीपीपी, म्हणजे रोजचा सरावसंच, देऊ नका. तिची प्रश्नपत्रिका मागून घ्या आणि उजेडाकडे धरा.

घरातली वजावट मात्र घरानेच काढायची असते. संक्रांतीला मी मुखेडकडे गेले होते, भाचीही दोन दिवस आली होती. जेवणं झाल्यावर मी तिच्या वडिलांना सरळच विचारलं, की या मेमध्ये नाही झालं तर? ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘‘नाही झालं तर आणखी एक साल बसू द्या. सोयाबीनला भाव नाही, तरी करू कायतरी. लग्नाचं मी काढणार नाही.’’

मावसबहीण डोळे पुसायला लागली. भाची उठली, आतून ती तीन रकान्यांची वही घेऊन आली, मागचं कोरं पान उघडून वडिलांपुढे धरलं आणि म्हणाली, ‘‘हे लिहून द्या, बाबा.’’

ते हसले. आम्ही गंमत समजलो, पण तिची गंमत नव्हती. ती पेन घेऊन उभीच राहिली. शेवटी त्यांनी चष्मा मागवला, दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

तिने वाचून पाहिलं आणि वही परत त्यांच्यापुढे सरकवली. ‘‘तारीख टाका की.’’