प्लेट पितळी, अर्थिंग कागदी

घरातील स्विचबोर्डांवरच्या प्लास्टिकच्या प्लेटा उतरवून त्यांच्या जागी पितळ, पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या प्लेटा बसवण्याची हौस वाढली असून, त्यासंबंधी तारतंत्री आणि ठेकेदार वाचकांकडून या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे : प्लेट इंटिरिअरवाला निवडतो, ग्राहक ती ऑनलाइन मागवतो, आणि बोर्डाला हात लागला की झिणझिण्या येतात हे सांगणारा फोन मात्र वायरमनला येतो. तक्रार रास्त आहे, पण अर्धीच आहे. कारण ज्या बोर्डाचे अर्थ सातत्य, म्हणजे बोर्डापासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंतचा तारेचा अखंड मार्ग, कधी मोजलेच गेले नव्हते, त्या बोर्डावर धातूची प्लेट स्क्रू आवळून बसवली कोणी, हा प्रश्न पत्रलेखकांपैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारलेला दिसतो.

प्लास्टिकची प्लेट ही केवळ झाकण नसते, तर तीच त्या बोर्डाचे शेवटचे इन्सुलेशन असते, आणि म्हणूनच तिच्यामागे फेजची एखादी सुटी काडी टर्मिनलबाहेर आली असली तरी वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. तीच काडी धातूच्या प्लेटेला टेकली की प्लेटेचा संपूर्ण पृष्ठभाग जिवंत होतो. बाजारात मिळणाऱ्या धातूच्या प्लेटांपैकी काही प्लास्टिकवर धातूचा मुलामा दिलेल्या असतात व त्यांच्याविषयी वाद नाही. वाद आहे तो खऱ्या पत्र्याच्या प्लेटांचा, ज्या मॉड्यूल धरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवर नुसत्या खटकन बसतात आणि ज्यांना अर्थची तार जोडण्यासाठी टर्मिनलच दिलेले नसते. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थ आलेला आहे म्हणून भोवतालची प्लेटही अर्थ झाली, असे समजणे चूक आहे, कारण चौकट प्लास्टिकची असताना त्या दोहोंत कोणताही विद्युतमार्ग नसतो. ज्याच्या धर्तीवर आपले आयएस 1293 बेतलेले आहे त्या आयईसी 60884-1 या मानकाने हाताला लागणारे धातूचे भाग अर्थ टर्मिनलशी कायमचे जोडण्याची अपेक्षा ठेवली असून त्या जोडाच्या रोधाची मर्यादा 0.05 ओम इतकी कडक ठरवली आहे. तथापि मॉड्यूलवर आयएसआय चिन्ह आहे म्हणून वेगळ्याने विकत घेतलेली प्लेटही या कसोटीला उतरली आहे, असे कोणीही गृहीत धरू नये.

खरी गंमत पुढे आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम 45 ने विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे असे सांगताना दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि फिटिंग यांच्या अदलाबदलीला सूट दिली, मात्र त्या अदलाबदलीने संचमांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये, अशी अट घातली; हीच सूट आणि हीच अट पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियम 29 मध्ये जशीच्या तशी उतरली. आता इन्सुलेटिंग आवरण काढून वाहक आवरण बसवल्याने संचमांडणीचे स्वरूप बदलत नसेल, तर ते बदलते तरी कशाने, याचा खुलासा संबंधितांनी करावा. प्रत्यक्षात निरीक्षण कार्यालयांत विचारणा केली की ‘प्लेट ही फिटिंगच आहे, त्याला परवाना लागत नाही’ असे तोंडी उत्तर मिळते, आणि तेच लेखी मागितले की पत्र वरिष्ठांकडे रवाना होते. नव्या जोडणीसाठी टेस्ट रिपोर्ट लागतो, वाढीव भारासाठी लागतो. पण अख्ख्या घराच्या बोर्डांवर पत्रा चढवला तरी कोणताही नमुना, कोणतीही नोंद, कोणतीही तपासणी लागत नाही. अपघात घडला की मात्र विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 161 अन्वये चौकशी होते आणि मग प्लेट कोणी बसवली याचा शोध सुरू होतो.

अधिकाऱ्यांना दोष देऊन व्यवसायाला हात झटकता येणार नाहीत. महावितरणच्या बहुसंख्य घरगुती ग्राहकांकडे पोलवरून फेज आणि न्यूट्रल एवढेच येतात व अर्थिंग ज्याचे त्याने करायचे असते. कोकणातल्या जांभ्यात किंवा उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या मुरमात मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्याचा रोध 20 ओम भरला, तर दोष प्रवाह जास्तीत जास्त 11.5 अँपिअर होतो. सी वर्गाच्या 16 अँपिअरच्या एमसीबीला तत्काळ सुटण्याची खात्री 160 अँपिअरला आहे, म्हणजे दोष मार्गाचा एकूण रोध सुमारे 1.4 ओमच्या आत हवा; 11.5 अँपिअरला तो एमसीबी तासन्‌तास हूं की चूं करणार नाही आणि प्लेट जवळजवळ पूर्ण दाबावर राहील. येथे उपयोगी पडते ती आरसीसीबी, म्हणजे फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतील फरक ओळखून पुरवठा तोडणारे साधन. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल तर तोच 20 ओमचा खड्डा पुरून उरतो. मात्र प्लेट अर्थला जोडलेलीच नसेल, तर आरसीसीबी सुटते ती माणसाचा हात लागल्यावरच, हे विसरून चालणार नाही.

झिणझिण्यांचे मूळ तर अनेकदा आणखी वेगळे असते. बोर्डाबोर्डांतून फिरवलेली हिरवी तार एकमेकींना पीळ देऊन जोडलेली असते, पण खड्ड्याकडे जाणारा शेवटचा तुकडा गंजून किंवा रंगकामात तुटून गेलेला असतो. अशा वेळी वॉशिंग मशीन किंवा संगणक यांच्या फिल्टरमधील कपॅसिटरांतून अर्थकडे जाणारी अल्पशी गळती, वाट न मिळाल्यामुळे, त्या अधांतरी तारेवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास दाब उभा करते आणि ती तार त्याचे वाटप घरातल्या प्रत्येक धातूच्या प्लेटेला करते. मेगर लावला तर इन्सुलेशन निर्दोष दिसते, आणि वायरमन ‘सगळे ओके आहे’ सांगून निघून जातो. त्याहून वाईट म्हणजे अर्थ नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला लूप मारणे. हे करणारे आपल्यातच आहेत. न्यूट्रल कोठेही तुटला की चालू असलेल्या कोणत्याही उपकरणातून फेज उलटा फिरून थेट प्लेटेवर येतो. आणि या लुपामुळे आरसीसीबी सारखी सुटू लागली की तीच बायपास करणारे महाभागही आपलेच आहेत. खड्ड्यावर क्लॅम्प न लावता अर्थ रोधाचा आकडा भरून टेस्ट रिपोर्टवरची सही विकणाऱ्यांनी निरीक्षकांच्या नावाने बोटे मोडू नयेत.

काम करायचेच असेल तर ते पूर्ण करावे. मेन बंद करून, निऑन टेस्टरवर न विसंबता दोन टोकांच्या टेस्टरने फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांतील प्रत्येक जोडी तपासावी. लोखंडी बॉक्सच्या अर्थ टर्मिनलवरचा रंग व गंज खरवडून तेथून सॉकेटच्या अर्थ टर्मिनलला एक आणि प्लेटेच्या टर्मिनलला दुसरी अशा स्वतंत्र हिरव्या-पिवळ्या तारा लग दाबून जोडाव्यात, कारण रंगवलेल्या बॉक्समध्ये नुसत्या स्क्रूच्या आट्यांवर भरवसा ठेवता येत नाही. प्लेटेला टर्मिनल नसेल तर ती ग्राहकाला परत द्यावी. भोक पाडून जुगाड करू नये. नुसत्या स्विचांच्या जुन्या बोर्डांत बहुधा अर्थची तार आणलेलीच नसते, त्यामुळे तेथे ती ओढेपर्यंत प्लास्टिकच राहील हे ग्राहकाला कामापूर्वी सांगावे. शेवटी प्लेट बसवल्यावर प्लेट ते मुख्य अर्थ टर्मिनल हा रोध मोजावा, आरसीसीबीची चाचणी तिच्या बटणावर न थांबता चाचणी यंत्राने घ्यावी, आणि दोन्ही आकडे तारीख घालून बिलावर लिहावेत.

बिलावरचे हे दोन आकडे हाच तूर्त या व्यवसायाच्या हातातला एकमेव दस्तऐवज आहे. मुख्य विद्युत निरीक्षकांनी ‘स्वरूप’ या शब्दाचा अर्थ परिपत्रकाने स्पष्ट करावा, यासाठी या मासिकातर्फे निवेदन देण्यात येणार आहे; पण त्याला जोडण्यासाठी तक्रारी नकोत, मोजमापे हवीत. तेव्हा ज्या ज्या घरी धातूच्या प्लेटा बसलेल्या आढळतील, तेथील प्लेट ते अर्थ रोध, आरसीसीबी आहे की नाही, आणि प्लेट परवानाधारकाने बसवली की अन्य कोणी, एवढी माहिती ग्राहकाचे नाव-पत्ता वगळून सभासदांनी महिनाअखेरपर्यंत कार्यालयाकडे पाठवावी, आणि स्वतः बसवलेल्या प्लेटांपासूनच सुरुवात करावी.