शस्त्रक्रियेपूर्वीचे पंधरा दिवस

मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे एक वैशिष्ट्य असे की, प्रारंभी तो फारशी वाच्यता करीत नाही. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि पोटात हाताला लागणारी गाठ ही पाठ्यपुस्तकातील तीन लक्षणे एकत्र दिसू लागेपर्यंत रोग बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो. आता मात्र पित्ताशयात खडा असेल या शंकेने, किंवा दुसऱ्याच एखाद्या कारणासाठी, सोनोग्राफी केली जाते. आणि ज्या अवयवाबद्दल त्या माणसाने जन्मात कधी तक्रार केलेली नसते, तेथे चार-पाच सेंटीमीटरची गाठ दिसते. सीटी स्कॅन होतो. ‘ऑपरेशन करावे लागेल, किडनी काढावी लागेल’ असे सांगितले जाते. बाहेर रांग असते. केसपेपर हातात घेऊन माणूस दाराबाहेर येतो आणि तेथून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचे पंधरा दिवस, महिना, कधी दोन महिने सुरू होतात.

या दिवसांचा हिशेब कोणत्याही आरोग्य योजनेत नाही. शस्त्रक्रियेचा आहे, खाटेचा आहे, औषधांचा आहे; पण ज्या काळात माणसाला आधाराची सर्वाधिक गरज असते, तो काळ समाजाने त्याच्या दैवावर सोपवला आहे. ज्याचा भाचा डॉक्टर आहे त्याला आधार मिळतो. ज्याच्या ओळखीचा कोणी मंत्रालयात आहे त्याला मिळतो. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्याने काय करावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही. तो समाजरचनेचा आहे.

आधार म्हणजे केवळ पाठीवरून फिरणारा हात नव्हे. भीतीच्या वेळी माणसाला पहिली गरज असते ती खऱ्या माहितीची. ‘एक किडनी गेली म्हणजे माणूस अर्धा झाला’ ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे. वस्तुस्थिती अशी की, दुसरे मूत्रपिंड धड असेल तर त्या एकावर माणूस सामान्य आयुष्य जगू शकतो. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाव सिमोन या शल्यविशारदाने १८६९ साली एका स्त्रीचे मूत्रपिंड काढले, ते आधी कुत्र्यांवर प्रयोग करून आणि एकावर भागते याची खात्री करून घेऊनच. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे रोनाल्ड हेरिक याने आपले एक मूत्रपिंड जुळ्या भावाला दिले. त्यानंतर तो ५६ वर्षे जगला. आज आपल्याकडेही कितीतरी आया मुलांसाठी मूत्रपिंड देतात आणि घरी जाऊन पुन्हा कामाला लागतात. शिवाय गाठ लहान आणि सोयीच्या जागी असेल तर पुष्कळदा तेवढाच भाग काढून उरलेले मूत्रपिंड राखता येते. रोग मूत्रपिंडापुरताच मर्यादित असताना उपचार झाले तर, अमेरिकेतील नोंदींनुसार, दर १०० रुग्णांपैकी ९० हून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तो दूरवर पसरल्यावर सापडला तर ही संख्या २० च्याही खाली जाते. नेहमीच्या केमोथेरपीला हा रोग फारशी दाद देत नाही; गेल्या वीस वर्षांत आलेली नवी औषधे महाग आहेत आणि ती मुख्यतः पसरलेल्या रोगासाठी आहेत. म्हणजे वेळेवर झालेली शस्त्रक्रिया हाच येथला मुख्य उपाय होय.

हे सारे दहा मिनिटांत, रुग्णाच्या भाषेत सांगता येण्याजोगे आहे. पण बाह्यरुग्ण विभागात ही दहा मिनिटे कोणापाशीच नसतात. आणखीही एक गोष्ट सांगितली जात नाही. इतर अनेक कर्करोगांत आधी तुकडा काढून तपासतात. मूत्रपिंडाच्या गाठीत मात्र पुष्कळदा स्कॅनवरूनच शस्त्रक्रिया ठरते आणि गाठीचे नेमके स्वरूप ती काढल्यानंतर कळते. म्हणजे रुग्ण टेबलावर चढतो तो पुरती खात्री नसतानाच. ‘तुकडा न तपासताच कापतात, म्हणजे पैशासाठीच असणार,’ असा संशय शेजारीपाजारी बोलून दाखवतात. त्या संशयाला उत्तर द्यायला कोणी नसते. आणि मग कोणी झाडपाल्याच्या मागे लागतो, कोणी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. पुढे ढकललेली तारीख हीच या रोगाची संधी असते.

आता व्यवहाराची बाजू पाहावी. सोलापुरातील एखाद्या यंत्रमाग कामगाराचे किंवा बाजार समितीतील हमालाचे उदाहरण घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड महिना जड उचलू नये, असे त्याला सांगितले जाते. शिक्षकाच्या किंवा बँकेतील कारकुनाच्या दृष्टीने ही रजा आहे. हमालाच्या दृष्टीने तो चुलीचा प्रश्न आहे. त्याच्याबरोबर इस्पितळात राहणाऱ्या भावाची किंवा बायकोचीही मजुरी बुडते. रक्तपेढी बदली रक्तदाता मागते तेव्हा परक्या शहरात रक्त द्यायला कोण येणार? गडचिरोलीच्या माणसाला मुंबई हजारएक किलोमीटर दूर आहे. परळच्या इस्पितळांबाहेरच्या पदपथांवर पथाऱ्या टाकून राहणारी कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. गाडगेबाबांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेसारख्या संस्था अशांना आसरा देतात. त्यांचे ऋण मोठे आहे. पण लोकांच्या पुण्याईवर चाललेली धर्मशाळा ही शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल की, शासनाने काहीच केलेले नाही असे नाही. हे खरे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, आणि कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत, नोकरीची व वर्गणीची अट पुरी केलेल्यांना, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के भत्ता देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. २०२३ साली तिची मर्यादा दर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय झाला. धर्मादाय इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात मोठी सवलत आहे.

मग अडते कोठे? अडते ते असे की, या प्रत्येक हक्काची खिडकी वेगळी आहे. एकासाठी शिधापत्रिका लागते, दुसऱ्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, तिसऱ्यासाठी इस्पितळाच्या विशिष्ट नमुन्यातील प्रमाणपत्र. ज्या माणसाला कालच ‘कर्करोग’ हा शब्द ऐकावा लागला, त्यानेच आज या साऱ्या खिडक्या धुंडाळाव्यात अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे. जन आरोग्य योजनेत ‘आरोग्यमित्र’ असतो. पण त्याचे काम मुख्यतः कागद पुरे करण्याचे. तोही भेटतो तो रुग्ण योजनेतील इस्पितळाच्या दारी पोहोचल्यावर. हक्क कागदावर आणि त्याची माहिती नशिबावर, अशी ही स्थिती आहे. विमा योजनेचा भत्ताही ठरावीक वेतनमर्यादेतील नोंदलेल्या कामगारांपुरताच. २०१७ साली ही मर्यादा महिना २१ हजार रुपये ठरली. शेतमजूर, घरकामगार, नाक्यावरचा बिगारी यांना बुडालेल्या मजुरीचा एक रुपयाही भरून मिळण्याची सोय त्यात नाही. शासनाचा पैसा रुग्ण खाटेवर आल्यावर वाहू लागतो. तो खाटेपर्यंत पोहोचावा आणि घरी जाऊन पुन्हा उभा राहावा, यासाठी मात्र हात आखडता आहे.

‘आपल्याकडे कुटुंबसंस्था आहे, परदेशासारखी मदतमंडळे आपल्याला कशाला हवीत?’ हा आक्षेप नेहमीचा आहे. कुटुंबाचा आधार कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कुटुंबाचा आधार म्हणजे व्यवहारात बहुधा घरातील स्त्रीचे अबोल कष्ट असतात. नवरा आजारी पडला की डबा, रात्रीचे जागरण, कर्ज आणि मुलांची शाळा हे सारे तिच्यावर येते. आणि तीच आजारी पडली की तिच्या शस्त्रक्रियेची तारीख घरातल्या लग्नाच्या, पेरणीच्या, परीक्षेच्या मागे जाते. शिवाय पुष्कळ घरांत प्रेमापोटी रुग्णापासून रोगाचे नावच दडवले जाते. ‘साधी गाठ आहे’ असे सांगून त्याला टेबलावर नेतात. ज्याचे मूत्रपिंड काढायचे आहे त्यालाच ते का काढतात हे ठाऊक नाही, त्याची संमती कसली? रुग्णाला सारे दिसत असते. मात्र भीती बोलून दाखवण्याचा मार्ग बंद झाल्याने तो एकटा पडतो. माणसांनी भरलेल्या घरातील हे एकटेपण कुटुंबाला दूर करता येत नाही, कारण कुटुंब स्वतःच घाबरलेले असते.

ते दूर करू शकतो तो याच वाटेने जाऊन आलेला माणूस. कुशीवरचा व्रण दाखवून ‘मलाही असेच वाटले होते, आज चार वर्षे झाली, कामावर जातो आहे,’ असे तो सांगतो, तेव्हा त्या वाक्याचे काम कोणतेही पत्रक करू शकत नाही. कर्करोगातून बऱ्या झालेल्यांनी नव्या रुग्णांपाशी बसावे, या विचाराने मुंबईत १९९० च्या दशकापासून काही स्वयंसेवी संस्था काम करीत आहेत. त्यांचा अनुभव असा की, या कामाला पैसा कमी लागतो आणि वेळ फार लागतो. परंतु स्वयंसेवेला मर्यादा आहेत. वेळ ज्याच्यापाशी असतो तो स्वयंसेवक होतो. म्हणून असे काम मोठ्या शहरांत होते आणि जिल्ह्याची ठिकाणे कोरडी राहतात.

वास्तविक याची पगारी आणि शास्त्रशुद्ध व्यवस्था आपल्याला नवी नाही. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. त्याच वर्षी भोर समितीने आपला अहवाल सादर केला आणि रुग्णालयांत समाजसेवक असावेत अशी शिफारस केली. आजही शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद आहे. पण ज्याच्या टेबलापुढे शेकडो रुग्णांचे अर्ज येतात तो माणूस समाजसेवक राहत नाही, शिक्के मारणारा कारकून होतो.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न मग विचारला जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले होते. २०२१-२२ साली, तेही कोविडच्या छायेतील वर्षात, हा खर्च १.८४ टक्के होता. आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. तेव्हा पैसा नाही असे नव्हे. त्याचा अग्रक्रम नाही. शिवाय हिशेबच करायचा तर तो पुरा करावा. वेळेवर शस्त्रक्रियेला आलेला रुग्ण बहुधा एका शस्त्रक्रियेत मोकळा होतो आणि कामावर परततो. भीतीपोटी किंवा मजुरी बुडेल म्हणून जो वर्षभर थांबला, तो पसरलेला रोग घेऊन येतो. मग महागडी औषधे, विकलेली जमीन आणि शेवटी उघडे पडलेले घर. एका समाजसेवकाचा पगार या नुकसानीपुढे किती, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

करावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. कर्करोगाचे निदान होताच, इस्पितळात दाखल होण्याची वाट न पाहता, प्रत्येक रुग्णामागे एक समाजसेवक नेमून दिला जावा आणि सर्व योजनांचे कागद त्याच्या एकाच टेबलावर पुरे व्हावेत. त्याला कामाचा बोजा झेपेल इतकी पदे जिल्हा रुग्णालयांत निर्माण करावीत आणि भरावीत. बरे झालेल्या रुग्णांना आठवड्यातून एक दिवस वॉर्डात बसण्यासाठी जाण्या-येण्याचा खर्च आणि मानधन मिळावे. असंघटित कष्टकऱ्यांना शस्त्रक्रियेनंतरच्या दीड-दोन महिन्यांची किमान मजुरी मिळावी. कामगार संघटनांनीही वेतनवाढीच्या मागणीपत्रात हे कलम घातले पाहिजे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा करून मालक निश्चित नसलेल्या हमालालाही भविष्यनिर्वाह निधी आणि वैद्यकीय सोय मिळू शकते हे दाखवून दिले आहे.

२०२२ साली जगात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ४ लाख ३४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यांतील प्रत्येकाने दाराबाहेर येऊन तोच प्रश्न विचारला असेल : आता कोणाकडे जायचे? भूल दिल्यानंतर सारे रुग्ण सारखेच असतात. शल्यविशारदाच्या हातातील सुरी श्रीमंत-गरीब पाहत नाही. भेद असतो तो त्याआधीच्या पंधरा दिवसांत आणि नंतरच्या दोन महिन्यांत. तेवढा भेद मिटवणे समाजाच्या आवाक्यात आहे. त्यासाठी कोणावर दया करावयाची नाही. ज्याचे आहे ते त्याला वेळेवर मिळेल एवढेच पाहावयाचे आहे.