पोरीचं दुखणं आणि गहाण पडलेलं शेत

या अंकात जंगल जमिनीच्या दाव्यांचा हिशोब द्यायचा होता. तो आतल्या पानावर आहे. पहिलं पान मात्र एका चार वर्षांच्या पोरीच्या दुखण्याला देतो आहोत. हा जमिनीबाहेरचा प्रश्न आहे असं काही साथी बैठकीत म्हणाले. आम्हाला ते पटलं नाही.

कुटुंब आपल्यातलंच, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचं. पोरगी सहा-सात महिन्यांची असताना तिच्या हाताची बोटं आणि पावलं सुजली. वारं लागलं असेल म्हणून सोडून दिलं. पुढे कधी ताप, कधी डोळे पिवळे, कधी रात्रभर हाडं दुखून रडणं. दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला गेले. पोरीला ठेवणार कुठे? सोबत नेली. पाचटाची खोपी, पहाटेची थंडी, प्यायला पाणी लांबून आणायचं. तिथे ती दोनदा पडली. उचल फिटली नाही तोवर मुकादमाने सोडलं नाही.

परत आल्यावर एका दवाखान्यात कावीळ म्हणून सलाईन लावलं. मग खाजगी डॉक्टर, मग बडवा. बडव्याने एक बोकड घेतला आणि शेजारच्या विधवा बाईकडे बोट दाखवलं. या बाईच्या नावावर नदीकाठचं तीन एकर शेत आहे, हेही सांगायला हवं. डाकीण ठरते तिच्याकडे बहुतेक वेळा जमीन असते आणि पाठीशी माणूस नसतो. हे आपण पुष्कळदा पाहिलंय. पाड्यातल्या बायाच त्या रात्री तिच्या दारात जाऊन बसल्या, म्हणून पुढचं टळलं. शेवटी जिल्ह्याच्या गावी रक्त तपासलं तेव्हा दुखण्याचं नाव कळलं: सिकलसेल.

सिकल म्हणजे आपला विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नसांतूनही वाकून जातात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या नसेत अडकतात, रक्त पुढे जात नाही, म्हणून हाडं दुखतात. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, यांनी दुखणं उसळतं. ऊसतोडीच्या पडावावर हे तिन्ही एका जागी असतं.

आता घरातली गोष्ट. म्हातारी सुनेला पांढऱ्या पायाची म्हणते, नवऱ्याला दुसरी बायको कर म्हणतात. नवरा अजून ऐकत नाही, पण किती दिवस? साथींनो, हा आजार एकट्या आईकडून येत नाही. थोडा आईकडून, थोडा बापाकडून, दोन्ही मिळाले तरच मूल आजारी. एकच मिळाला तर माणूस फक्त वाहक, धडधाकट, आयुष्यभर नांगर हाकेल. आईबाप दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नाही, दर वेळी चिठ्ठी नव्याने टाकायची. या घरातला मोठा पोरगा नीट आहे तो असाच. लग्नाआधी दोघांचं रक्त तपासलं तर हे आधी कळतं. पण वाहक निघाला म्हणून कुणाला वाळीत टाकू नका.

दवाखान्यातल्या एका माणसाने बापाला ऐकवलं, तुम्हा लोकांचं रक्तच खराब. हे खोटं आहे. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप होता तिथे वाहक मुलं त्यातून जास्त जगली, म्हणून ही खूण टिकली. आपल्याकडे आहे, विदर्भात दलितांत आहे, आफ्रिकेतही आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत ती पहिल्यांदा सापडली. तेव्हापासून सरकारला माहीत आहे. मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी काच तपासायची सोय अजून का नाही? पाड्यावर नाकेदार वेळेवर पोचतो, गोळ्या पोचत नाहीत.

आणि जमीन. जीपभाडं, खाजगी डॉक्टर, बोकड, सगळ्याला पैसा लागला. बापाने तीन हजारांना दोन एकर सावकाराकडे तोंडी गहाण टाकलं. १९७४ च्या कायद्याने आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. हे कायदेशीर गहाण नाहीच. म्हणून आम्ही त्याला सांगितलं की शेत पेर. पाऊस पडल्यावर त्याने पेरलं, सोबत चाळीस माणसं होती. सावकार बांधावर उभा राहून गेला. दुसरा तुकडा जंगलातला आहे. ३१ मार्च १९७८ पूर्वीच्या वहिवाटीची दंडाची पावती घरात आहे, पण दवाखान्यात पोरीजवळ बसल्यामुळे दोन तारखा हुकल्या. आता तारखेला म्हातारी जाणार, सोबत संघटनेचा माणूस.

आरोग्य केंद्रात तपासणी, फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी आणि हिवतापाचं औषध फुकट आणि कायम मिळावं, तालुक्याला रक्ताची सोय व्हावी, हे पुढच्या मोर्चाच्या निवेदनात घेतलं आहे. तोवर ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी त्याला पाणी भरपूर पाजा, थंडीत पांघरूण द्या, ताप आला तर बडव्याकडे दिवस घालवू नका.

पोरीला आजवर दोनदा रक्त लागलं, दोन्ही वेळा कार्यकर्त्यांनी दिलं. रक्त दिल्याने ताकद जाते ही भीती खोटी आहे, तीन महिन्यांनी धडधाकट पुरुष पुन्हा देऊ शकतो. जे देणार असतील त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी कार्यालयात नाव लिहावं. एसटीचं भाडं संघटनेच्या पेटीतून मिळेल. सकाळी पोटभर भाकर खाऊन या.